देवलीची छावणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गिरणगावच्या इतिहासात देवलीचं नाव येतं ते कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांच्या स्थानबद्धतेमुळे. त्याच छावणीत १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर सुमारे तीन हजार भारतीय चिनी माणसं डांबली गेली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

गैरसमज : देवली म्हणजे नाशिकजवळची देवळाली.
वस्तुस्थिती : देवळाली नव्हे, वर्ध्याची देवळीही नव्हे. ही देवली राजस्थानात, आजच्या टोंक जिल्ह्यात आहे.

गैरसमज : तिथे फक्त शत्रूचे सैनिक ठेवत.
वस्तुस्थिती : मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी संप केला. त्याच महिन्यात डांग्यांना अटक झाली आणि पुढे त्यांना देवलीला हलवलं. जयप्रकाश नारायणही तिथे होते. १९४१ मध्ये राजबंद्यांनी उपोषण केलं. आपापल्या प्रांतात परत पाठवा, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. कामगारनेते ना. म. जोशी यांनी छावणीत जाऊन त्यांची गाऱ्हाणी ऐकली. शेवटी सरकारने राजबंद्यांना तिथून हलवलं. नंतर महायुद्धात डांबलेले जपानी नागरिक तिथे आले, बायकामुलांसह.

गैरसमज : १९६२ मध्ये पकडलेले चिनी हेर होते.
वस्तुस्थिती : त्यांच्यावर खटला चाललाच नाही. आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणी एक शत्रुराष्ट्राचा नागरिक असला, तरी माणसाला परका ठरवण्याची मुभा नव्या वटहुकमाने दिली. आसाम, शिलाँग, दार्जिलिंग भागातली कुटुंबं लेकराबाळांसह उचलून आगगाडीने देवलीला नेली.

गैरसमज : ही मंडळी नुकतीच चीनहून आलेली होती.
वस्तुस्थिती : अनेकांचा जन्मच इथला. आसामातल्या काहींचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात चहामळ्यांसाठी आले होते. मुंबईतही ही वस्ती जुनी. माझगावचं चिनी मंदिर १९१९ चं आहे.

गैरसमज : युद्ध थांबल्यावर सगळे घरी गेले.
वस्तुस्थिती : २१ नोव्हेंबर १९६२ ला युद्धविराम झाला, पण छावणी १९६७ पर्यंत सुरू राहिली. अनेकांना जहाजाने चीनला पाठवलं; त्यांतल्या कित्येकांनी तो देश कधी पाहिलाही नव्हता. जे परतले, त्यांपैकी अनेकांची घरंदारं, दुकानं हातची गेली होती.

गैरसमज : देवली म्हणजे दुसरं ऑश्विट्झ.
वस्तुस्थिती : तशी तुलना करू नये. इथे माणसांना ठार मारण्याची योजना नव्हती. पण उन्हाळ्याच्या काहिलीत काही वृद्ध दगावले, मुलांचं बालपण तारांच्या कुंपणाआड गेलं. छावणीतच जन्मलेल्या जॉय मा यांनी मुंबईचे लेखक दिलीप डिसोझा यांच्यासह या लोकांच्या हकिकती २०२० मध्ये पुस्तकात आणल्या.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनेही सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना असंच डांबलं होतं. १९८८ मध्ये तिने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले. देवलीच्या चिनी भारतीयांची भारत सरकारने अजून माफी मागितलेली नाही. इंग्रजांनी डांग्यांना खटल्याविना कोंडलं, तो आपण अन्याय मानतो. मग आपल्याच सरकारने आपल्याच शेजाऱ्यांना तसंच कोंडलं, त्यालाही अन्यायच म्हटलं पाहिजे आणि त्याची माफी मागितली गेली पाहिजे.