ईशकृपा व मानवी प्रयत्न (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्ती धर्मविचारात तारण हे ईश्वराचे विनामूल्य दान मानले जाते. तथापि प्रार्थना, पश्चात्ताप, उपवास व सेवा यांची अपेक्षाही श्रद्धावंताकडून केली जाते. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हा या धर्मातील एक जुना प्रश्न होय. मनुष्याची पात्रता न पाहता ईश्वराने केलेली दया, हा ‘कृपा’ या संज्ञेचा येथील अर्थ आहे. मुंबईत माझगाव, रे रोड, भायखळा या लगतच्या भागांत कॅथलिक व प्रॉटेस्टंट या दोन्ही परंपरांचा वावर जुना आहे. मराठी प्रॉटेस्टंट उपासनेतील ‘कृपा’ हाच शब्द गोव्याकडील कॅथलिकांच्या कोकणी प्रार्थनेत ‘कुर्पा’ म्हणून आढळतो.

नियमशास्त्राच्या आचरणाने नव्हे, तर विश्वासाने मनुष्य नीतिमान ठरतो, असे संत पौल प्रतिपादन करतो. याकोबाच्या पत्रात मात्र कृतीवाचून असलेला विश्वास निर्जीव म्हटला आहे. हा विरोध दिसतो तेवढा खोल नाही. एक मुळाविषयी बोलतो, दुसरा फळाविषयी. फिलिप्पैकरांस लिहिताना पौलानेच तारण साधण्यासाठी झटावयास सांगून, ती इच्छा व ते बळ देणारा ईश्वरच आहे, अशी पुस्ती जोडली आहे.

मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने पापमुक्त राहू शकतो, हे पेलेजियसचे मत संत ऑगस्टीनने (३५४–४३०) खोडून काढले व ४१८ मध्ये कार्थेज येथील धर्मपरिषदेने ते त्याज्य ठरविले. सोळाव्या शतकात ल्यूथरने केवळ विश्वासावर भर दिला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये कृपेचा पुढाकार मान्य करून मानवी इच्छेच्या सहकार्यालाही स्थान दिले. कॅथलिक व ल्यूथरपंथी प्रतिनिधींनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्जबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्यानुसार सत्कर्मे तारणाचे मूल्य नसून त्याचा परिणाम होत. श्रीवैष्णवांतील मर्कटकिशोर व मार्जारकिशोर या न्यायांशी या वादाचे साम्य लक्षणीय आहे. वानरीचे पिलू आईला स्वतः बिलगते. मांजरीच्या पिलाला मात्र आई तोंडात धरून नेते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला अनुभवाची धार आली, ती पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रात. त्यांच्या कुटुंबाने तीर्थयात्रा, व्रते, पुराणकथन व दानधर्म यांत आयुष्य वेचले होते. पुढे मद्रास इलाख्यातील दुष्काळात आईवडील व थोरली बहीण दगावली. कष्टाने देव प्रसन्न होतो, हा हिशेब त्यांनी इतक्या जवळून फसलेला पाहिला होता. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले. पुढल्याच वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. तरीही मनाला स्वस्थता नव्हती. आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त नव्हे, अशा आशयाची कबुली त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर सु. आठ वर्षांनी त्यांना उमगले, की क्षमा मिळवावयाची नसून स्वीकारावयाची आहे.

विशेष हे, की या प्रतीतीनंतर त्यांचे श्रम कमी झाले नाहीत, उलट वाढले. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतांत हिंडून त्यांनी अनाथ मुली व विधवा आणल्या. केडगाव येथील मुक्ती सदनात त्यांच्यासाठी शेती, विणकाम व मुद्रण यांची सोय झाली. पैशासाठी त्या ईश्वरावर भिस्त ठेवीत, पण विहिरी खणवून घेण्यात हयगय करीत नसत. कृपा व प्रयत्न यांची निम्मेनिम्म वाटणी येथे मुळीच दिसत नाही. बदललेला आहे तो श्रमामागील हेतू. पूर्वी ते पुण्यसंचयासाठी होते, आता ऋणाच्या जाणिवेतून.

रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांचा मार्ग निराळा होता. मुंबईत १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी संतांची भक्तिपरंपरा, विशेषतः तुकाराम, ही ख्रिस्ताकडे नेणारी वाट मानली. त्यामुळे शरणागतीची भाषा त्यांना परकी वाटली नाही. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली, हा त्यांच्या कृपाविचाराचाच भाग होय.

रमाबाईंनी अखेरची वर्षे हिब्रू व ग्रीक शिकून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. ते मुक्ती सदनातील स्त्रियांनीच छापले व १९२४ मध्ये, रमाबाईंच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले.