रक्त दिले, रिपोर्ट कधी?

सरकारी प्रयोगशाळेत रक्त दिल्यापासून रिपोर्ट हाती पडेपर्यंत जो वेळ जातो, त्यातला अगदी थोडा यंत्राच्या वाट्याचा असतो. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट मोजणाऱ्या सेल काउंटरला एका नमुन्यासाठी साधारण मिनिटभर लागते. साखर, क्रिएटिनिन किंवा यकृताच्या चाचण्यांचे स्वयंचलित यंत्र एका दमात अनेक नळ्या तपासते. बाकीचे तास जातात केसपेपरच्या खिडकीवर, रक्त घेणाऱ्याच्या टेबलापुढे, नमुन्याच्या प्रवासात आणि शेवटच्या सहीसाठी. या चारही जागी माणूस लागतो, आणि नेमकी माणसेच कमी असतात.

नाशिक जिल्ह्यात 15 तालुके आहेत. शहरात त्र्यंबक रस्त्यावरचे जिल्हा रुग्णालय, शालिमारजवळचे संदर्भ सेवा रुग्णालय, महापालिकेची कथड्यातील डॉ. झाकीर हुसेन आणि नाशिकरोडची बिटको ही रुग्णालये. बाहेर मालेगावचे सामान्य रुग्णालय, तालुक्यांतली ग्रामीण रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे, अशी ही उतरंड आहे. आरोग्य केंद्रात प्रयोगशाळेचा कर्मचारी बहुधा एकच असतो. सरकारी कागदावर त्याचे पद ‘प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी’, लोकांच्या तोंडी ‘लॅबवाले’. थुंकी, हिवतापाच्या काचा, गरोदर मातांचे हिमोग्लोबिन, लघवी, नोंदवह्या आणि वर ऑनलाइन माहिती भरणे, सगळे त्याच्याकडे. तो रजेवर गेला की त्या दिवशी प्रयोगशाळाच रजेवर.

मोठ्या रुग्णालयांतली अडचण वेगळी आहे. तिथे गर्दी दिवसभर सारखी नसते, ती सकाळच्या दोन-तीन तासांत एकवटते. उपाशीपोटीची साखर तपासायची तर रुग्ण सकाळीच येणार. पेठहून पहिली एसटी पकडून आलेला माणूस चहाही न घेता 55 किलोमीटरचा प्रवास करून रांगेत उभा असतो. जेवणानंतरच्या साखरेसाठी त्याला दोन तासांनी पुन्हा त्याच टेबलापाशी यायचे असते.

हिशेब साधा आहे. नाव पाहणे, दंडाला पट्टा बांधणे, शीर शोधणे, रक्त घेणे, नळीवर चिकटपट्टी लावणे याला चार मिनिटे धरली, तर एक जण तासाला 15 रुग्ण हातावेगळे करतो. नऊ ते बारा या वेळात 90 रुग्ण आले आणि टेबलावर दोघे असले, तर काम कसेबसे निभते. एक जण गैरहजर राहिला, तर बाराच्या ठोक्याला 45 रुग्ण शिल्लक असतात आणि शेवटच्याचा नंबर तीन वाजता लागतो. रांगांचे हे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग याने 1909 पासून मांडायला सुरुवात केली. काम क्षमतेच्या काठाला टेकले, की थोड्याशा वाढीनेही रांग भलतीच लांबते. रिक्त पदांकडे फक्त टक्केवारी म्हणून पाहणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

घाईचा फटका नमुन्यालाही बसतो. जांभळ्या टोपणाची नळी पेशी मोजण्यासाठी असते. ती हलक्या हाताने उलटसुलट केली नाही, तर रक्ताच्या गुठळ्या होतात. लाल टोपणाच्या नळीतले रक्त अर्धा तास गोठू द्यायचे आणि मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा पिवळसर द्रव घ्यायचा. साखरेसाठी राखाडी टोपण, कारण साध्या नळीतल्या पेशी ताशी 5 ते 7 टक्के साखर खाऊन टाकतात. सुई ओढताना किंवा घाटरस्त्याने नेताना पेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. मग ‘नमुना पुन्हा आणा’ हा निरोप येतो आणि गावाकडच्या रुग्णाचा आणखी एक रोज बुडतो.

माणसे कमी का, याचे एक उत्तर भरतीच्या इतिहासात आहे. आरोग्य विभागाच्या गट-क पदांची परीक्षा 24 ऑक्टोबर 2021 रोजी झाली, पेपर फुटला आणि पुढे ती रद्द करावी लागली. नवी जाहिरात ऑगस्ट 2023 मध्ये निघाली, गट-क आणि गट-ड मिळून 10,949 पदांची. मधल्या काळात निवृत्त होणारे निवृत्त होत राहिले आणि कामाचा गाडा कंत्राटी कर्मचाऱ्यांनी ओढला. त्याच 2023 च्या 15 ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या निःशुल्क झाल्या. निर्णय योग्यच होता. पण दार मोठे करताना आत बसणारी माणसेही वाढवायला हवीत.

नमुना बाहेर पाठवणे हा एक मार्ग राज्याने काढला. केंद्र सरकारच्या एचएलएल लाइफकेअर कंपनीमार्फत चालणाऱ्या ‘महालॅब’मध्ये आरोग्य केंद्रांतून नमुने गोळा होतात आणि मोठ्या प्रयोगशाळेत तपासले जातात. त्यामुळे थायरॉइडसारखी चाचणी सुरगाण्याच्या रुग्णालाही गावाजवळ करता येते. मात्र नमुना नेणारी गाडी एकदा निघून गेली, की पुढचा नमुना दुसऱ्या दिवसावर जातो.

डेंग्यूच्या दिवसांत दिरंगाईचे आणखी एक कारण पुढे येते. खासगी दवाखान्यातली झटपट कार्ड-चाचणी सरकार पक्की धरत नाही; तसा रुग्ण ‘संशयित’ म्हणून नोंदला जातो आणि नमुना एलायझा चाचणीसाठी ठरलेल्या प्रयोगशाळेकडे जातो. एलायझाच्या ताटलीला 96 खाचा असतात. मोजके नमुनेही लावता येतात, पण दर खेपेला तुलनेचे नमुने नव्याने लावावेच लागतात, म्हणजे किट वाया जाते. त्यामुळे पुरेसे नमुने जमेपर्यंत थांबण्याकडे कल असतो. रिपोर्ट येतो तेव्हा ताप अनेकदा उतरलेला असतो. म्हणून गल्लीतली पिंपे आणि टायर रिकामे करण्याचे काम रिपोर्टवर अडून राहता कामा नये.

अंतर किती महाग पडते, हे 2020 च्या वसंतात नाशिककरांनी पाहिले. करोनाचे नमुने आधी पुण्याला, नंतर धुळ्याला जात. मालेगावात रुग्ण झपाट्याने वाढत असताना अहवाल मात्र वाटेत होते. जिल्ह्यातच तपासणीची सोय झाल्यावर ही कोंडी सुटू लागली.

शेवटचा टप्पा सहीचा. प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केले. तंत्रज्ञ भरले आणि पॅथॉलॉजिस्टचे पद रिकामे ठेवले, तर तपासून झालेले रिपोर्ट टेबलावर पडून राहतात. ऑक्टोबर 2024 मध्ये नाशिकच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. तिथला पॅथॉलॉजी विभाग पूर्ण भरला गेला, तर हा टप्पा हलका होऊ शकेल. सिंहस्थ 2027 ची तयारी चालू आहे. रस्ते आणि घाटांबरोबर प्रयोगशाळेतली पदेही त्या यादीत हवीत.

तोवर रुग्णाने एवढे करावे. रक्त उपाशीपोटी द्यायचे आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे. मोबाइल क्रमांक नीट लिहिला आहे ना, ते पाहावे. आणि रक्त देतानाच विचारावे: ही चाचणी इथेच होते की बाहेर जाते, आणि केली जाते कोणत्या वारी?