गरोदरपणातील वेदना आणि भौतिकोपचार

नागपूर-हावडा लोहमार्गावर, दुर्ग शहराला लागून, भिलाई हे पोलादनगर वसलेले आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या येथील कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्यानंतर देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून कुटुंबे येथे येऊन सेक्टरांमधील वसाहतींत स्थायिक झाली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. अशा नगरात भौतिकोपचार, म्हणजे ज्याला सर्वत्र फिजिओथेरपी म्हणतात ती उपचारपद्धती, म्हटली की अस्थिभंग झालेला कामगार किंवा पक्षाघाताचा रुग्ण डोळ्यांपुढे उभा राहतो. गर्भवती स्त्री मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. तिची कंबर दुखू लागली की ‘दिवस गेले म्हणजे हे चालायचेच’ असे सांगून तिची समजूत घातली जाते.

ही समजूत अर्धीच खरी आहे. गरोदरपणात पाठ व कंबर दुखणे अतिशय सामान्य आहे, यात शंका नाही. या विषयावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दोन तृतीयांशांहून अधिक गर्भवतींना कंबरदुखी होते आणि सुमारे एक पंचमांश स्त्रियांना ओटीपोटाच्या हाडांच्या सांध्यांत वेदना होतात. तथापि जे सामान्य आहे ते निरुपाय असते असे नाही. या वेदनांना शरीराच्या रचनेत कारणे आहेत आणि ती कळली म्हणजे वेदना हलकी करण्याचा मार्गही दिसू लागतो.

वेदनेचे मूळ

पाण्याने भरलेली कळशी छातीशी धरून चालणे आणि तीच कळशी हात लांब करून धरणे यांतील फरक सर्वांना ठाऊक आहे. वजन तेच असते, परंतु ते शरीराच्या मध्यापासून जितके दूर जाते तितका पाठीवरील ताण वाढतो. गरोदरपणात नेमके हेच घडते. गर्भाशय पुढे वाढत जाते, शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि तोल सावरण्यासाठी बहुतेक स्त्रिया खांदे मागे टाकून चालू लागतात. त्यामुळे कमरेच्या स्नायूंना दिवसभर विश्रांती मिळत नाही. पोटाचे स्नायू एरवी कण्याला समोरून आधार देतात. आता ते ताणले गेल्यामुळे तो आधारही दुबळा होतो.

याच काळात बाळंतपणाची पूर्वतयारी म्हणून ओटीपोटाच्या हाडांना जोडणारे अस्थिबंध काहीसे सैल होतात. समोर जघनास्थींचा सांधा आणि मागे माकडहाडाच्या वरच्या बाजूस दोन्हीकडे असलेले सांधे अधिक हलू लागतात. एका पायावर उभे राहताना, जिना चढताना किंवा अंथरुणात कूस बदलताना जी तीव्र कळ उठते ती बहुधा या सांध्यांतून येते. या बदलाचे श्रेय रिलॅक्सिन नावाच्या संप्रेरकाला दिले जाते, परंतु वेदनेशी त्याचा थेट संबंध निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. ताण, थकवा, पूर्वीची कंबरदुखी व कामाचे स्वरूप यांचाही त्यात वाटा असतो.

उपचाराचे स्वरूप

भौतिकोपचारतज्ज्ञ प्रथम स्त्रीचे उठणे, बसणे व चालणे पाहतो आणि वेदना कोणत्या हालचालीने वाढते हे शोधतो. उपचाराचा पुष्कळसा भाग या निरीक्षणातूनच निघतो. सांध्यात कळ येत असेल तर सलवार घालताना बसून घ्यावे, जिना एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून चढावा, एकाच कमरेवर मूल किंवा घागर घेऊ नये, असे सांगितले जाते. अंथरुणातून उठताना गुडघे जवळ घेऊन आधी कुशीवर वळावे आणि मग हातांच्या आधाराने उठावे. झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवल्यास कंबरेला आराम पडतो. गरोदरपणाच्या उत्तरार्धात उताणे निजून राहिल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो, म्हणून कुशीवर निजणे हितावह असते.

यानंतर व्यायाम येतात, आणि ते साधे असतात. भिंतीला पाठ टेकून, टाचा वीतभर पुढे ठेवून व गुडघे किंचित वाकवून उभे राहावे. मग कंबरेमागची पोकळी हळूच भिंतीला टेकवावी, पाच अंक मोजावेत आणि सैल सोडावे. रांगणाऱ्या मुलासारखे हातांवर व गुडघ्यांवर राहून हाच व्यायाम केल्यास कण्यावरील भार काही वेळ उतरतो. तिसरा व्यायाम ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा आहे: लघवी व वायू एकाच वेळी रोखून धरल्याप्रमाणे ते स्नायू आत व वर ओढावेत आणि पुन्हा सैल सोडावेत. कोणताही व्यायाम करताना श्वास कोंडून धरू नये. काहींना कमरेचा आधारपट्टा उपयोगी पडतो. कोमट शेक पाठीला द्यावा, पोटाला नव्हे. विद्युत उपकरणांनी शरीरात खोलवर दिला जाणारा शेक गरोदरपणात टाळला जातो. म्हणून उपचार करणाऱ्यास आपण गरोदर असल्याचे आरंभीच सांगणे आवश्यक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात कंबर व ओटीपोटाच्या वेदना टाळण्यासाठी गरोदरपणात नियमित व्यायामाची शिफारस केली असून भौतिकोपचार व आधारपट्टा यांचाही पर्याय म्हणून उल्लेख केला आहे. अर्थात वेदना पूर्णपणे नाहीशी होईल असे आश्वासन कोणी देऊ नये. ती कमी व्हावी, झोप लागावी आणि दैनंदिन कामे करता यावीत, हेच या उपचाराचे उद्दिष्ट होय.

कोणती वेदना वेगळी?

‘हे चालायचेच’ या वाक्यात दुसराही एक धोका आहे. काही वेदना खरोखरच वेगळ्या असतात. ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, असह्य डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणे, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखणे, ताप किंवा लघवीची जळजळ, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम थांबवून तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे. वार गर्भाशयाच्या तोंडाशी असल्यास, रक्तदाब वाढलेला असल्यास किंवा अकाली प्रसूतीचा संभव असल्यास डॉक्टरांच्या संमतीवाचून व्यायाम करू नये.

छत्तीसगड व विदर्भ या दोन्ही प्रदेशांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. येथील अनेक समाजांत सिकलसेल हा रक्तदोष आढळतो. त्यात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्या अडवतात आणि पाठीत, हाडांत व छातीत तीव्र वेदना उद्भवतात. गरोदरपणात व उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झाल्यावर हा त्रास बळावू शकतो. अशी वेदना कंबरदुखी समजून शेकत बसणे प्राणावर बेतू शकते. या विकाराच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. तथापि आपल्या रक्ताची तपासणी झाली आहे किंवा नाही, हे प्रत्येक गर्भवतीला ठाऊक असले पाहिजे.

विश्रांतीचा प्रश्न

वर सांगितलेले उपाय स्वस्त आहेत. परंतु ते अमलात आणण्यासाठी थोडी उसंत लागते, आणि ती सर्वांना सारखी मिळत नाही. भिलाईच्या बांधकामांवर डोक्यावरून घमेली वाहणाऱ्या मजूर स्त्रीस, जिला येथे रेजा म्हणतात, किंवा भाताच्या लावणीत दिवसभर वाकणाऱ्या स्त्रीस ‘जड उचलू नका’ हा सल्ला मजुरी बुडवूनच पाळता येतो. वसाहतीतील गृहिणीला मजुरीची चिंता नसते, परंतु सासर व माहेर दोन्ही दूर असल्यामुळे हातातील काम घेणारे कोणी नसते.

भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथे खाणकामगारांच्या संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई यांचा बाळंतपणात मृत्यू झाला. या आघातानंतर कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून शहीद रुग्णालय उभे केले. ३ जून १९८३ रोजी ते सुरू झाले. पुढे २००२ पासून छत्तीसगडमध्ये गावोगावच्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देणारी मितानिन योजना आली. मितानिन म्हणजे मैत्रीण. गर्भवतीच्या दारापर्यंत जाणारी ही मैत्रीण उठण्या-बसण्याची योग्य रीत दाखवू शकेल आणि धोक्याची वेदना ओळखू शकेल, तर भौतिकोपचाराचा मोठा भाग रुग्णालयाच्या पायरीपूर्वीच साध्य होईल.

गर्भवतीने ‘दुखते’ असे म्हटले म्हणजे दोन प्रश्न विचारावेत: कोठे, आणि काय करताना? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून पुष्कळदा कळते की तिला उशी, आधार आणि थोडी विश्रांती पुरेशी आहे, की तिला ताबडतोब डॉक्टरांकडे नेले पाहिजे.