'वैकल्पिक' विद्युत्पुरवठा : एका पारिभाषिक शब्दाची मर्यादा

छापील सर्किट-बोर्डवर बसविलेल्या प्रत्येक चिपला एक वा अनेक विद्युत्पुरवठे लागतात, व ते बहुधा निरनिराळ्या रेग्युलेटरांकडून येतात. लिनक्स कर्नेलमध्ये या रेग्युलेटरांचा कारभार पाहणारी चौकट २००८ साली समाविष्ट झाली. चिप चालविणारा ड्रायव्हर आपल्याला हवा तो पुरवठा नावाने मागतो, तो सुरू करतो, आणि कित्येकदा त्याचा दाब किती व्होल्ट आहे हेही विचारतो. कोणती जोडणी कोणत्या रेग्युलेटरकडे गेली आहे हे बोर्डाच्या वर्णनात, म्हणजे 'डिव्हाइस ट्री'त, नमूद केलेले असते.

ही मागणी करण्याच्या दोन रीती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. एक साधी, 'रेग्युलेटर-गेट'. दुसरी २००८ नंतर पाच वर्षांनी, २०१३ साली आलेली, 'रेग्युलेटर-गेट-ऑप्शनल'. या दुसऱ्या नावातील 'ऑप्शनल' हा शब्दच पुष्कळशा घोटाळ्याचे मूळ होय. वर्णनात पुरवठ्याचा उल्लेख असणे वा नसणे ऐच्छिक आहे, असा त्याचा अर्थ अनेक ड्रायव्हरलेखक घेतात. वस्तुतः येथे वैकल्पिक आहे तो उल्लेख नव्हे, स्वतः पुरवठा.

हा भेद मराठीच्या अभ्यासकाला नवा वाटू नये. 'जेवलास का?' या वाक्यात कर्ता उच्चारलेला नाही, तथापि तो आहे. क्रियापदाच्या रूपावरून 'तू' निःसंशय कळतो. 'उजाडले' या वाक्यात मात्र स्वतंत्र कर्ता नाहीच, आणि तो शोधू जाणे हीच चूक ठरते. दोन्हींत कर्त्याचे पद दिसत नाही एवढेच साम्य. जो व्याकरणकार केवळ अदर्शनावरून दोहोंना एका वर्गात घालील, त्याची जी गत होईल तीच या ड्रायव्हरलेखकाची होते.

चिपला चालण्यासाठी जो पुरवठा लागतोच, तो वर्णनात नसला तरी बोर्डवर असलाच पाहिजे. एरवी चिप चाललीच नसती. म्हणून साध्या मागणीला कर्नेल अशा वेळी एक 'डमी', म्हणजे नाममात्र, रेग्युलेटर देतो आणि नोंदवहीत तशी सूचना लिहितो. ड्रायव्हर तो 'सुरू' करतो, प्रत्यक्षात काहीच घडत नाही, व काम पुढे चालते. हा अध्याहृत कर्ता होय. मात्र त्याला दाब विचारला तर उत्तर मिळत नाही. ऑप्शनल मागणीला डमी मिळत नाही. 'ई-नो-डेव्ह' हा त्रुटिसंकेत येतो, आणि त्याचा अर्थ पुरवठा जोडलेलाच नाही असा घ्यावयाचा असतो.

ऑप्शनल मागणीचे खरे क्षेत्र कोणते, हे ए.डी.सी. चिपच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. विद्युद्दाब मोजून त्याचा अंक देणाऱ्या या चिपला तुलनेसाठी एक संदर्भदाब लागतो. काही चिपांत तो आतच असतो, समजा २.५ व्होल्ट, बोर्डकर्त्याने इच्छिल्यास त्याऐवजी बाहेरून ५ व्होल्ट जोडता येतात. कोणता घ्यावयाचा हे बोर्डवरील जोडणीनेच ठरले आहे, ड्रायव्हरने फक्त योग्य आकड्याने हिशेब करावयाचा आहे, असे धरू. बाहेरील संदर्भ नसणे ही येथे सर्वस्वी सामान्य स्थिती आहे. 'उजाडले'ला कर्ता नसावा तशी.

आता बोर्डवर बाहेरचे ५ व्होल्ट जोडलेले आहेत व वर्णनातही ते आहेत. परंतु ते देणाऱ्या रेग्युलेटरचा स्वतःचा ड्रायव्हर अद्याप सुरू व्हावयाचा आहे. कर्नेल 'ई-प्रोब-डिफर' असे कळवितो: पुरवठा आहे, पण थांबा, मागाहून विचारा. उतावीळ ड्रायव्हर कोणतीही त्रुटी म्हणजे अभाव असे मानून २.५ व्होल्ट गृहीत धरतो. बारा बिटांच्या चिपने २०४८ हा अंक दिला, तर खरा दाब २.५ व्होल्ट असताना तो १.२५ व्होल्ट सांगतो. प्रत्येक मापन निम्मे होते. ना यंत्र थांबते, ना तक्रार उमटते. एखाद्या दिवशी ड्रायव्हर निराळ्या क्रमाने सुरू झाले की तेच यंत्र बिनचूक आकडे देऊ लागते. प्रयोगशाळेत सापडत नाहीत त्या चुका बहुतांशी याच जातीच्या.

यास्तव 'ई-नो-डेव्ह' एवढ्या एकाच संकेताला अभाव मानावे, आणि इतर प्रत्येक त्रुटी जशीच्या तशी वर कळवावी. डिफर वर कळविले की कर्नेल त्या उपकरणाला प्रतीक्षायादीत ठेवतो व इतर ड्रायव्हर रुजू होतील तसतसा पुन्हा प्रयत्न करतो. ड्रायव्हरलेखकाला वेगळे काही करावे लागत नाही. आणि चिपच्या माहितीपत्रकात ज्या पुरवठ्याविना चिप चालत नाही असे म्हटले आहे, त्याला ऑप्शनल मागणी लावूच नये, मग बोर्डाचे वर्णन लिहिणाऱ्याने त्याचा उल्लेख केलेला असो वा नसो. निर्णय माहितीपत्रक पाहून करावयाचा आहे, वर्णन पाहून नव्हे. मराठीत या मागणीला नाव द्यावयाचे झाल्यास 'वैकल्पिक' टाळून 'अभावक्षम पुरवठा' म्हणणे अधिक नेमके ठरेल. शब्द कानाला कठोर आहे खरा, पण त्यातून उल्लेखाचा अर्थ तरी निघत नाही.