ब्राझीलचा तोतया

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ साली सूर्यफुलाच्या भावकीतल्या एका गाठाळ कंदाची नोंद केली आणि त्याचं मूळ गाव लिहिलं ब्राझील. शंका यावी असं काही नव्हतंच. फ्रेंच, जर्मन, इटालियन, रशियन, सगळ्या भाषांत त्याला थोड्याफार फरकाने ‘तोपिनांबूर’च म्हणत, आणि तुपिनांबा ही तर ब्राझीलच्या किनाऱ्यावरची जमात.

खटकत होतं ते कंदाचं वागणं. कडाक्याच्या थंडीत, गोठलेल्या मातीतही तो तग धरतो. उष्ण किनाऱ्यावरच्या झाडाला ही सवय कुठून लागावी?

१८७७ साली अमेरिकेत दोघांनी हे प्रकरण उघडलं. एक हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे, दुसरे जेम्स हॅमंड ट्रंबुल. ट्रंबुल हे तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांचे जाणकार. त्यांनी पुरावा काढला तो जुन्या प्रवासवर्णनांतून. १६०५ साली फ्रेंच दर्यावर्दी शाँप्लँ उत्तर अमेरिकेत केप कॉडला उतरला होता. तिथले लोक शेतात एक मूळ लावतात आणि त्याची चव आर्टिचोकसारखी लागते, असं तो लिहून गेला. आर्टिचोक म्हणजे भूमध्य समुद्राकाठची भाजी. तिची फुलण्याआधीची कळी खातात. कंदाशी तिचं नाव जोडलं गेलं ते केवळ चवीपुरतं.

मग ब्राझील आलं कुठून? पॅरिसच्या बाजारातून! १६१३ साली सहा तुपिनांबा माणसांना जहाजाने फ्रान्सला आणलं गेलं. त्यांना बघायला पॅरिस लोटलं. तिघे लवकरच दगावले. उरलेल्या तिघांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा धर्मपिता होता खुद्द राजा तेरावा लुई. शहरात दुसरा विषय नव्हता. नेमका त्याच सुमारास हा नवा कंद विकायला आला आणि भाजीवाल्यांनी त्याला गाजतंय ते नाव ठोकून दिलं. कॅनडात राहून आलेला लेस्कार्बो नावाचा वकील आपल्या पुस्तकात लिहितो की ही मुळं तिकडून आम्ही आणली, आणि पॅरिसचे फेरीवाले त्यांना तोपिनांबू म्हणतात. छापील साक्ष अडीचशे वर्षं अशी पडून होती.

पानिपतानंतर उपटलेला भाऊसाहेबांचा तोतया निदान स्वतः तोंड उघडून खोटं बोलत होता. इथे कंद बिचारा गप्प, सोंग सगळं दुसऱ्यांनी चढवलेलं.

इंग्लंडमध्ये तर त्याला जेरुसलेमला नेऊन बसवलंय: ‘जेरुसलेम आर्टिचोक’. सूर्यफुलाला इटालियनमध्ये ‘जिरासोले’ म्हणतात, त्याचा इंग्रजांनी अपभ्रंश केला, ही व्युत्पत्ती लोकांना फार आवडते. बटाट्याचे इतिहासकार रेडक्लिफ सॅलमन यांनी १९४० साली ती खोडून काढली. त्यांचं बोट होतं नेदरलँड्समधल्या टेर्नोझन गावाकडे. तिथले पाद्री पेट्रुस होंडिउस आपल्या बागेत हा कंद लावत. टेर्नोझनचे कंद लंडनला पोचता पोचता ‘जेरुसलेम’चे झाले, असा सॅलमन यांचा तर्क. मला तो जास्त पटतो. बंदरातून माल निघाला की गावाचं नाव त्याला चिकटतंच.

इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन गुडयरला १६१७ साली असे दोन छोटे कंद मिळाले. पीक उदंड आलं, पण खाल्ल्यावर पोटात जो दुर्गंधी वारा सुटतो त्याबद्दल त्याने सणसणीत तक्रार नोंदवून ठेवली. या कंदात पिष्टाऐवजी इन्युलिन असतं. ते पचत नाही, आतड्यात जाऊन आंबतं आणि वायू धरतो. इंग्रजांनी म्हणूनच त्याला चेष्टेने ‘फार्टिचोक’ असंही नाव पाडलं, आणि त्याच्या खरेपणावर अजून कुणी वाद घातलेला नाही.