मातीत अडकलेलं शिसं

जुन्या बॅटऱ्या फोडतात तिथल्या मातीत शिसं उतरतं. ते कुजत नाही. पण माती त्याला धरून ठेवते. लोखंडाच्या ज्या गंजाने कोकणची माती तांबडी दिसते, त्याच्या कणांना शिसं चिकटतं. शेणखत-पालापाचोळा कुजून झालेला काळा भागही त्याला बांधतो. म्हणून वाफ्यात कुजलेलं खत घाला असं आम्ही सांगतो. मुळांना शिसं कमी मिळतं.

मात्र ही पकड आंबटपणात सुटते, आणि पोटात तर आम्लच! माती खाणाऱ्या लेकराला खत वाचवणार नाही. शिशाने मेंदूची वाढच बिघडते. त्याचे हात जेवणाआधी साबणाने धुवा, पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढा. बॅटरी फोडायचं काम दारात तर नकोच. शंका असेल तर डॉक्टरांना रक्तातलं शिसं तपासायला सांगा.