निशाणी शोधणारे यंत्र

१८ ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे आता सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत चालतात. वकिलांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ लावून धरलेली मागणी अखेर पूर्ण झाली. संस्थानी काळात कोल्हापूरला स्वतःचे उच्च न्यायालय होते. १९४९मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि वरच्या दादेची वाट मुंबईकडे वळली, ती आता परत फिरली. सावंतवाडीच्या किंवा शिराळ्याच्या पक्षकाराचा रात्रीचा प्रवास टळला, मुक्कामाचा खर्च वाचला, हे मोठेच काम झाले. मला लिहायचे आहे ते त्या पक्षकाराच्या मागोमाग इथे येणाऱ्या कागदांविषयी.

खालच्या कोर्टाच्या निकालावर अपील झाले की मूळ रेकॉर्ड मागवले जाते. त्यात वादपत्र असते, कैफियत असते, वर्षानुवर्षांचा रोजनामा असतो, साक्षीदारांचे जबाब असतात आणि एकेक क्रमांक पडलेल्या निशाण्या असतात. सातबारा, फेरफार, वाटणीपत्र, बँकेचा खातेउतारा, पतसंस्थेच्या ठरावाची नक्कल, ग्रामपंचायतीचा दाखला, अलीकडे मोबाइलवरच्या संदेशांच्या छापील प्रती. १९९८पासून महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयाची इंग्रजी. त्यामुळे कोल्हापूर बेंचपुढे येणारे बहुतेक वाद मराठीत जन्मतात आणि इंग्रजीत निकाली निघतात. या दोन टोकांच्या मध्ये कोणालातरी बसून पान न पान वाचावे लागते. ते काम बहुतेक वेळा ज्युनियर वकिलाकडे येते. हातात पेन्सिल, समोर फाईल, कडेला पिवळ्या चिठ्ठ्या.

कागदांच्या ढिगात खटला अडकणे नवे नाही, आणि कोल्हापूरला तर मुळीच नाही. लोकमान्य टिळकांचे ताईमहाराज प्रकरण आठवावे. पुण्याचे सरदार बाबामहाराज १८९७मध्ये वारले. त्यांच्या विधवा ताईमहाराज यांच्यासाठी औरंगाबादेस जगन्नाथ यांचे दत्तविधान झाले असे टिळक व इतर विश्वस्तांचे म्हणणे होते. पुढे १९०१च्या ऑगस्टमध्ये ताईमहाराजांनी कोल्हापुरात बाळामहाराजांना दत्तक घेतले. औरंगाबादेत त्या दिवसांत नक्की काय घडले, कोण कुठे हजर होते, कोणी काय लिहिले, यावर जबानी आणि कागद यांचा प्रचंड पसारा उभा राहिला. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९१५मध्ये टिळकांच्या बाजूने निकाल लागला. चौदा वर्षे. तारखेतारखेचा घटनाक्रम माणसांनी हाताने जुळवला, आणि प्रतिपक्षाने तो हातानेच उसवायचा प्रयत्न केला.

हे जुळवणे आणि उसवणे सोपे करण्यासाठी जगात एक वेगळ्या प्रकारचे सॉफ्टवेअर तयार झाले. वकिली व्यवसायात त्याला डॉक्युमेंट रिव्ह्यूचे सॉफ्टवेअर म्हणतात. शिकागोच्या कंपनीचे रिलेटिव्हिटी हे त्यातले सर्वांत परिचित नाव. गाभ्याला तो एक डेटाबेस आहे. प्रत्येक कागदाला क्रमांक, तारीख, लिहिणारा, मिळणारा, प्रकार असे रकाने असतात. वाचणारा वकील कागदावर खूण करतो: संबंधित, असंबंधित, गोपनीय, वकील-अशील विशेषाधिकारातील. सुरुवातीला एवढेच होते. मग एकाच पत्राच्या दहा प्रती ओळखून नऊ बाजूला ठेवण्याची सोय आली. थोड्याच फरकाचे मसुदे शेजारी ठेवून फरक रंगवून दाखवण्याची सोय आली. ईमेलची उत्तरे-प्रत्युत्तरे एका साखळीत बसू लागली. आधार क्रमांकासारखा खासगी मजकूर कायमचा झाकून प्रत देता येऊ लागली.

खरा बदल घडला तो अंदाजाने क्रम लावण्याच्या सोयीने. अनुभवी वकील काही शे-हजार कागद वाचून खुणा करतो. त्यावरून शिकून यंत्र उरलेल्या लाखोंना गुण देते आणि महत्त्वाचे वाटणारे कागद वर आणते. २०१२मध्ये न्यूयॉर्कचे न्यायदंडाधिकारी अँड्र्यू पेक यांनी एका खटल्यात या पद्धतीला मान्यता दिली आणि ती रुळली. मान्यता मिळाली तिचे कारण यंत्र हुशार होते हे नव्हे. मोजमाप करता येत होते, हे कारण. यंत्राने बाजूला टाकलेल्या ढिगातून नमुना काढायचा, तो माणसाने वाचायचा आणि किती महत्त्वाचे कागद निसटले याचा हिशोब न्यायालयापुढे ठेवायचा. २०२४पासून रिलेटिव्हिटीसह अनेक कंपन्यांनी भाषा-मॉडेलवर चालणारा रिव्ह्यू आणला आहे. त्यात वादाचे मुद्दे साध्या वाक्यांत लिहून दिले की यंत्र प्रत्येक कागद वाचून तो का संबंधित आहे याचे कारण देते आणि आधाराची ओळ काढून दाखवते. मला या सोयीचा सर्वांत मोलाचा भाग ती ओळ वाटते, कारण मूळ पानावर बोट ठेवता आले तरच वकिलाला तपासता येते.

आपल्याकडे अमेरिकेसारखी व्यापक कागद-मागणीची प्रथा नाही. तरी २०१५च्या वाणिज्य न्यायालय कायद्याने दिवाणी प्रक्रिया संहितेचा अकरावा आदेश अशा दाव्यांपुरता बदलला: पक्षकाराने आपल्या ताब्यातले संबंधित सगळे कागद, स्वतःच्या विरोधात जाणारेसुद्धा, उघड करायचे. कारखानदारी आणि साखरेच्या या पट्ट्यात त्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. एखाद्या फाउंड्रीच्या पुरवठा करारावरून वाद झाला तर खरेदीचे आदेश, तपासणी अहवाल, व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो असे सगळे कागद दोन्ही बाजूंनी येणार.

आणि इलेक्ट्रॉनिक कागद आला की त्याच्या खरेपणाचा प्रश्न येतो. या विषयातला देशभर लागू झालेला निवाडा महाराष्ट्रातूनच निघाला. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी आव्हान दिले, की खोतकरांचा उमेदवारी अर्ज मुदत उलटून गेल्यावर दाखल झाला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणाचा. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ उपकरण न्यायालयात हजर करता येत नसेल तर प्रतीबरोबर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागतेच. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ने एक पाऊल पुढे टाकले. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलचा हॅश लिहायचा आहे. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या मजकुरावर गणित चालवून निघालेला ठसा. शा-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. रिव्ह्यूच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रती ओळखण्यासाठी हेच गणित कित्येक वर्षे वापरात आहे. कोल्हापुरातल्या वकिलाला आता ते कायद्यानेच शिकावे लागले, आणि ते चांगले झाले.

सरकारी बाजूने मोठे काम पुण्यात झाले आहे. देशभरातील जिल्हा न्यायालये ज्यावर चालतात ते सीआयएस हे सॉफ्टवेअर एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या पुणे केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरवर उभारले. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळाला: चार अक्षरे राज्य व जिल्ह्याची, दोन अंक न्यायालयाचे, सहा प्रकरणाचे, चार वर्षाचे. त्या एका क्रमांकावर गडहिंग्लजचा शेतकरी मोबाइलवर पुढची तारीख पाहतो. ई-फायलिंगच्या तिसऱ्या आवृत्तीत वकालतनामा ऑनलाइन दाखल होतो, सही आधारवर होते, शपथेचे चित्रीकरण करता येते. सप्टेंबर २०२३मध्ये केंद्राने ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर केले; त्यातले २,०३८ कोटींहून अधिक फक्त जुने कागद स्कॅन करून जतन करण्यासाठी आहेत. न्यायाधीशांसाठीच्या डिजिटल कोर्ट्स प्रणालीत श्रुती ही बोलण्याचे टंकलेखन करणारी आणि पाणिनी ही अनुवाद करणारी सोय आली आहे. निवाडे शोधण्यासाठी लेग्रा आहे. पंचगंगेचे २०१९ आणि २०२१चे पूर पाहिलेल्या जिल्ह्यात कागदाची दुसरी प्रत दुसरीकडे असणे किती गरजेचे आहे हे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र स्कॅन झालेला कागद म्हणजे वाचता येणारा कागद नव्हे. मराठी रिव्ह्यूचे सगळे दुखणे इथे आहे आणि म्हणून मी इथे जास्त थांबणार आहे.

पहिली अडचण फॉन्टची. युनिकोड रुळण्याआधी दोन दशके आपल्या कचेऱ्यांत आणि टायपिंग सेंटरमध्ये श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमचे फॉन्ट चालत. त्यांत टाइप केलेला करार पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतो, पण संगणकाच्या दृष्टीने आत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा असतो. फाइलमध्ये मजकूर आहे असे सॉफ्टवेअरला वाटते, म्हणून ते ती प्रतिमा समजून पुन्हा वाचतही नाही. शोध घेतला की उत्तर शून्य.

दुसरी अडचण आकड्यांची. इकडच्या जमिनीच्या कागदांत रि.स.नं. म्हणजे रिव्हिजन सर्व्हे नंबर असतो, गट नंबर असतो, हिस्सा असतो. एकाच मिळकतीचा क्रमांक एका दस्तात मराठी अंकांत, दुसऱ्यात इंग्रजी अंकांत. कुठे तिरकी रेघ, कुठे आडवी, कुठे ‘पैकी’. जमिनीच्या दाव्यात हा क्रमांकच प्राण असतो. तो सगळ्या रूपांत शोधणारी सोय नसेल तर बाकीची हुशारी व्यर्थ आहे.

तिसरी अडचण आपल्या व्याकरणाची. पाटील शोधले तर ‘पाटलांनी’ सापडत नाही, विहीर शोधली तर ‘विहिरीचा’ हुकतो. इंग्रजीसाठी बांधलेल्या शोधाला विभक्ती आणि सामान्यरूप ठाऊक नसते. शिवाय एकच माणूस सातबारावर एका नावाने, सोसायटीच्या यादीत दुसऱ्या आणि जबाबात टोपणनावाने येतो. चौथी अडचण अक्षराची: तलाठ्याचे धावते हस्ताक्षर, कार्बन कॉपी, मजकुरावर बसलेला शिक्का, स्टॅम्पपेपरच्या जाळीत बुडालेली ओळ. त्याही मागे गेले की मोडी. २०२३पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने राज्यभर जुन्या कुणबी नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा मोडी वाचकांना शोधत फिरावे लागले. मराठी राज्याने अलीकडे केलेला हा सर्वांत मोठा डॉक्युमेंट रिव्ह्यू म्हणावा लागेल, आणि तो मुख्यतः माणसांच्या डोळ्यांवर उभा राहिला.

यातून एक धोका तयार होतो तो वकिलांनी नीट ओळखला पाहिजे. पडद्यावर ‘निकाल सापडला नाही’ असे आले की आपण ‘कागदच नाही’ असे समजतो. पेन्सिल घेऊन वाचणाऱ्या ज्युनियरला निदान माहीत असते, की अमुक पान पुसट होते, अमुक पान वाचायचे राहिले. यंत्र तेवढेही सांगत नाही. दुसऱ्या टोकाला नसलेले सापडण्याचा धोका आहेच. २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक प्राप्तिकर निर्धारण आदेश रद्द केला. त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. खोटा निवाडा निदान शोधून उघडा पाडता येतो. न वाचलेला फेरफार मात्र कोणाच्या लक्षातच येत नाही, आणि त्या न वाचलेल्या फेरफारावर एखाद्या घराची दोन एकर जमीन जाते.

म्हणून नव्या सोयींची जाहिरात समोर आली की कोल्हापूरच्या वकिलाने आधी हे विचारावे: माझ्या कागदांपैकी किती पाने यंत्राला वाचता आली नाहीत, आणि ती कोणती? ही यादी पडद्याच्या वरच्या बाजूला, शोधाच्या निकालाशेजारीच दिसली पाहिजे. ती देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अक्षर ओळखणारे सॉफ्टवेअर प्रत्येक शब्दाला खात्रीचे गुण देतच असते. ते गुण वापरणाऱ्यापर्यंत पोचत नाहीत, एवढेच.

दुसरे काम आपल्या गावात होण्यासारखे आहे. इंग्रजी रिव्ह्यू सुधारला त्यामागे एन्रॉन कंपनीच्या ईमेलचा मोठा वाटा आहे. त्या कंपनीच्या चौकशीत अमेरिकी नियामकाने २००३मध्ये तिचे लाखो ईमेल खुले केले आणि जगभरच्या संशोधकांना आपापली पद्धत तपासायला एकच समान कसोटी मिळाली. मराठी न्यायालयीन कागदांचा असा संच हवा. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे, शहाजी लॉ कॉलेज आहे, मोडीचे जाणकार आहेत, सहा जिल्ह्यांच्या फायली हाताळणारी वकील मंडळी आहेत. निकाली निघालेल्या जुन्या प्रकरणांतली काही हजार पाने न्यायालयाच्या परवानगीने घ्यावीत, नावे व ओळखीच्या खुणा झाकाव्यात, प्रत्येक पान माणसाने शब्दशः टंकून ठेवावे. त्यात टंकलिखित जबाब असावेत, हाताने लिहिलेले फेरफार असावेत, जुन्या फॉन्टमधले करार असावेत, थोडे मोडीही असावे. मग जी कंपनी वा जो सरकारी विभाग मराठी वाचणारे यंत्र घेऊन येईल, त्याला या पानांवर बसवावे आणि किती रि.स.नं. बरोबर निघाले ते मोजावे.